ब्लोअरची शिट्टी

उजनीचं पाणी उतरायला लागलं की मला लाज वाटायला लागते. बाकीच्यांना काय काय वाटत असतं. कुणाला गाळपेराची घाई होते, ओल्या गाळात कलिंगडाच्या बिया टोचायच्या असतात. कुणी रोहित पक्ष्यांची वाट बघतो, कारण पक्षी आले की मागोमाग पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. भिगवणपासून इंदापूरपर्यंतच्या काठाला चिखलाचा, सुकलेल्या शेवाळाचा आणि वाळत घातलेल्या मासळीचा एक मिसळलेला वास सुटतो. तो नाकात शिरला की माझे कान तापतात. नाक अजून शाबूत आहे माझं. रडगाणं आहे ते कानांचं.

मी रशीद मिस्त्री. बारामतीत माझं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, ट्रक, विहिरीवरची इंजिनं, जे दारात येईल ते. पण लोक माझ्याकडं इंजिन दुरुस्तीला जेवढं आणतात त्याच्यापेक्षा जास्त 'ऐकवायला' आणतात. आमच्या भागात हा रिवाजच पडलाय. वडगाव निंबाळकरचा कुणी जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला की आधी माझ्याकडं येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, तेवढं ऐकून सांगा." म्हणजे मी काही खोलायचं नाही, पान्याला हात लावायचा नाही. नुसतं ऐकायचं आणि घे किंवा नको घेऊ, एवढं सांगायचं.

ऐकायला माझ्याकडं एक पुशरॉड आहे. भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनातली लोखंडी कांडी, एका टोकाला छोटी वाटी असलेली. टोक इंजिनाला टेकवायचं, वाटी कानाला लावायची. मी कांडी उचलली की सगळ्यांनी गप्प बसायचं, हाही रिवाज. शेजारचा रसवंतीवाला हणमंत तर गिऱ्हाईक उभं असलं तरी चरक थांबवायचा. त्या शांततेचा मला फार माज होता. लग्नात नवरदेवासाठी सगळे उठून उभे राहतात ना, तसं वाटायचं.

आणि ऐकू यायचंही बरं का! क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, खरं तर बेअरिंगला शिवत नाही. मधे तेलाचा पातळ थर असतो, त्यावर तो तरंगत फिरतो. बेअरिंगचे शेल, म्हणजे आतले पातळ अर्धगोल पत्रे, झिजले की फट पडते, फट पडली की तेलाचा दाब पळून जातो, आणि मग लोखंड लोखंडावर आपटायला लागतं. क्रँकचं मुख्य बेअरिंग गेलं असेल तर आवाज जड असतो, धप धप, पोटातून आल्यासारखा. पिस्टनच्या रॉडचं गेलं असेल तर कडक, टक टक, कुणी दाराची कडी वाजवावी तसा. हे मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि त्याच्यावर उभा तालुका फिरलो. तेलाचा फिल्टर कापून त्यात झिजलेल्या धातूची चकाकी शोधत बसणाऱ्या मिस्त्र्यांची मी चारचौघात टर उडवायचो. म्हणायचो, ज्याला कान नाहीत त्यानं चाळत बसावं.

मग कधीतरी लोक हळू बोलायला लागले.

मला तसंच वाटायचं, खोटं कशाला सांगू? गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, पोरांना आजकाल शब्द नीट फोडता येत नाहीत, फोन भिकार निघतात. मग एकाएकी सगळे मोठ्यानं बोलायला लागले, आणि मी त्यांच्यावरही खेकसायला लागलो. "वरडतोस कशाला? मी काय भयरा हाय का?" समोरचा ओशाळून हसायचा. हणमंतच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात. एक दिवस मी त्याला विचारलं, "घुंगरं काढलीस व्हय रं?" तो चरकाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "व्हय मिस्त्री, काढली." मी म्हटलं, बरं केलंस, कटकट होती.

घरी अजान झालेली मला माझ्या बायकोच्या, मुमताजच्या पदरावरून कळते. ती चुलीशी असो, अंगणात असो, पदर डोक्यावर आला की मी उठतो. हे केव्हापासून सुरू झालं ते माझं मलाच ठाऊक नाही. पण त्याचा अर्थ काय, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. दूध बघायला सांगून मुमताज बाहेर गेली की दूध उतू जायचं. मी म्हणायचो, तुझा गॅसच मोठा होता. नंतर नंतर दूध बघायला सांगायचंच तिनं सोडून दिलं.

मागच्या साली असंच पाणी उतरत होतं तेव्हा डॉक्टरांचा निरोप आला. संपतराव डॉक्टर जनावरांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. काठाला त्यांची शेती आहे, तिथंच पाहुण्यांना राहायला चार खोल्या बांधल्यात. त्यांच्या मेव्हण्यानं गोव्याकडून एक जुनी स्पीडबोट आणली होती, आणि तिच्या इंजिनावर सुपरचार्जर. बोटीवाले त्याला ब्लोअर म्हणतात. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि आत जबरदस्तीनं हवा कोंबतो. इंजिन तेवढंच राहतं, ताकद वाढते, आणि तो सगळा जोर शेवटी बिचाऱ्या क्रँकच्या बोकांडी बसतो. इंजिन तापलं की ऑइलचा काटा खाली यायचा आणि आतून काहीतरी वाजायचं. मेव्हणा म्हणत होता, ब्लोअर खडखडतोय, चालायचंच. डॉक्टरांच्या मनात क्रँकची शंका होती.

"मिस्त्री, रविवारी नातवाची सुपारी फुटायची हाय, पलीकडच्या काठाला, करमाळ्याकडं," मी काठावर पोचलो तसे डॉक्टर म्हणाले. "रस्त्यानं सगळा वळसा पडतो, आन् आक्काला गाडी सोसत न्हाय, वकाऱ्या येत्यात. बोटीनं येते म्हणती. पण मधी पाण्यात इंजिन धरून बंद पडलं आन् वारं सुटलं तर म्हातारीला घिऊन काय करायचं? तुमी बसा म्हणला तर बसवतो. न्हाय म्हणला तर न्हाय."

आक्का म्हणजे त्यांची आई. बाभळीखाली खुर्ची टाकून बसली होती, हातात काठी, पायात नवे बूट. सुपारीसाठीच आणले असतील, सवय व्हावी म्हणून आधीपासून घातलेले. माझ्याकडं बघून म्हणाली, "रशीद, तू ऐकलंस का मी बसले बघ."

बोट खुंट्याला बांधून मेव्हण्यानं इंजिन चालू केलं आणि रेस दिली. काठावरची सगळी माणसं एकदम हसली. एक बाई कानावर हात ठेवून म्हणाली, "अगं बया, काय शिट्टी मारतंय!" मेव्हणा फुशारून माझ्याकडं वळला. "ब्लोअरची शिट्टी, मिस्त्री. कशी वाटली?"

मला कसलीही शिट्टी ऐकू आली नव्हती. घरघर होती, पाण्याची खळबळ होती, आणि त्याच्या वर, जिथं शिट्टी असायला हवी होती, तिथं काहीच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर ती शिट्टी दिसत होती. मी हसलो, मान हलवली आणि म्हणालो, "भारी."

त्या एका शब्दाची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही. चाळीत कुणी इंग्रजी बोललं की न समजता हसणारी माणसं असतात, तसा मी माझ्याच धंद्यात हसलो.

मग मी कांडी काढली. लगेच सगळे गप्प झाले. माझाच रिवाज माझ्यावर उलटला, कारण माणसं बोलत असली की निदान त्यांची तोंडं बघून कळतं. आता बघायलाही काही उरलं नाही. मी टोक इंजिनाला टेकवलं, वाटी कानाला लावली. गोधडीखालून ऐकावं तसा एक गुणगुणाट. टक की धप, ब्लोअर की क्रँक, काही म्हणजे काही फोडता येईना. मी उगाच डोळे मिटले, भुवया आवळल्या, जागा बदलून बघितली. घाम पाठीतून खाली चालला होता. आणि आक्का त्या नव्या बुटांत पाय जुळवून, पोरगी निकालाला बसते तशी माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "उद्या सांगतो. ऑइल गार होऊ द्या. फिल्टर कापून बघू."

"फिल्टर?" मेव्हण्याला हसू आवरेना. "आवो, तुमी तर म्हणायचा, कान न्हाईत त्यानं चाळत बसावं!"

घरी येताना कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मी गाडी रेंगाळत चालवली. घरी जायचं नव्हतं, दुसरीकडं तोंड दाखवायचं नव्हतं. मुमताज पाठमोरी भाकरी थापत काहीतरी विचारत होती. मी तिच्यावर खेकसलो, "मोठ्यानं बोल की! तोंडात काय गूळ धरलायस?" ती वळली आणि तेच वाक्य पुन्हा बोलली. मोठ्यानं नाही. तेवढ्याच आवाजात, फक्त माझ्याकडं तोंड करून. "लागलं का काय म्हनलं बोटीचं?" मला स्वच्छ समजलं. पण तेव्हाही मी ते मनाशी धरलं नाही, भाकरी मोडली आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक गंमत केली. म्हणजे मला तेव्हा ती गंमतच वाटली. मी पोचलो तसं त्यांनी काठावरच्या सगळ्यांना, मेव्हण्यालासुद्धा, वर घरी पिटाळलं. "चला, च्या घ्या, पोहे खावा. मिस्त्री कापाकापी करत्यात, हितं काय बघायचंय?" आणि स्वतः तेवढे थांबले.

मी फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्या उन्हात पसरल्या. तांबूस चकाकी होती, सोनाराच्या दुकानातल्या केरासारखी. ब्लोअरचं तेल वेगळं असतं, ते या फिल्टरमधून येत नाही. तेव्हा झीज इंजिनातली. शेलच्या वरच्या थराखाली तांबं असतं, म्हणजे तो थर संपला होता. पण कुठल्या शेलचा? की ही आधीच्या दुरुस्तीत राहिलेली जुनी घाण? एवढ्यावर मला म्हातारीला बस म्हणवत नव्हतं आणि उतर म्हणायचं तर खात्री पाहिजे होती. मी ब्लोअरचा पट्टा काढला, इंजिन मंद चालू केलं. खडखड थांबली असती तर दोष ब्लोअरचा. थांबली का? हे मी कुणाला विचारणार होतो? डॉक्टर तीन हातांवर उभे होते. "डॉक्टर, अजून वाजतंय का?" एवढंच विचारायचं होतं. तोंड उघडलं नाही माझं.

उस्तादांनी एकदा गंमत म्हणून दाखवलेलं आठवलं. मी कांडीची वाटी दातात धरली.

दाढेतून कानशिलापर्यंत सगळं आलं! इंजिनाची थरथर, आणि तिच्यात एक ठोका, वेगळा, हट्टी. पट्टा काढूनही तो होताच. मी रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढून बघत गेलो. प्लग बंद केला की त्या पिस्टनवरचा दणका जातो आणि त्याच्या रॉडचं बेअरिंग झिजलं असेल तर ठोकाही दबतो. पहिली वायर काढली, ठोका तसाच. दुसरी काढली, तसाच. तिसरी काढली आणि माझ्या दाढेतला ठोका विझला. वायर परत लावली, ठोका परत आला. खात्री होईपर्यंत मी ते करत राहिलो.

आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझी लाळ कांडीवरून खाली गळत होती, मी बोटीत उकिडवा बसलो होतो, कुत्र्यानं हाडूक धरावं तसं लोखंड धरून. उस्तादांनी बघितलं असतं तर, असं मनात आलं आणि मी झटक्यात कांडी काढून शर्टाला पुसली. वर बघितलं तर डॉक्टर पाठ करून उभे होते. रोहित पक्षी बघत होते म्हणे. त्या बाजूच्या पाण्यावर तेव्हा एकही पक्षी नव्हता.

"आक्का, बसू नका," मी वर घरी जाऊन सांगितलं. "तिसऱ्या रॉडचं बेअरिंग गेलंय. मधी पाण्यात धरंल."

"बरं केलंस बाबा, सांगितलंस," आक्का म्हणाली, आणि वाकून बुटांचे बंद सोडायला लागली.

मंडळी रस्त्यानं गेली, थांबत थांबत. नंतर साखळीनं इंजिन वर उचलून खाली ठेवलं, तळाचा तेलाचा चेंबर उघडला, तर तिसऱ्या रॉडचा शेल तांब्यापर्यंत खरवडलेला आणि क्रँकवर बोटाला लागतील असे ओरखडे. क्रँक बारामतीला घासायला आणला. आणि डॉक्टरांनी सगळ्या पंचक्रोशीत सांगून टाकलं, मिस्त्रींनी नुसतं ऐकून सांगितलं, तिसरा म्हणाले, तिसराच निघाला. निमगाव केतकीच्या बाजारात लोक मला थांबवून हात हातात घ्यायला लागले. काय कान आहे! मी मान खाली घालून सटकायचो, आणि ते म्हणायचे, बघा किती साधा माणूस.

फिल्टर कापला त्या दिवशी निघताना डॉक्टर गाडीपर्यंत सोडायला आले होते. माझ्या समोर येऊन, नीट तोंडाकडं बघून म्हणाले, "मिस्त्री, दात सांभाळा."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि सांगणारं माझ्याच घरातलं असणार. मी घरी आलो ते सरळ मुमताजपुढं उभा राहिलो. "डॉक्टरांना तू काय सांगितलंस?"

ती धुणं वाळत घालत होती. हातातला शर्ट तिनं शांतपणे झटकला, दोरीवर टाकला, आणि माझ्याकडं तोंड केलं. "फोन केला व्हता. त्यांनाच न्हाय, समद्यांनाच करते. मिस्त्रींशी जरा मोठ्यानं, समोर बघून बोला म्हनते. आन् त्यांना कळू दिऊ नका म्हनते."

"कधीपासनं?"

"घुंगराच्याबी आधीपासनं."

मी तसाच वर्कशॉपवर गेलो. हणमंतचा चरक फिरत होता. लाल गोंड्यांच्या मधे घुंगरं बांधलेली होती, चांगली मूठभर, आणि ती नाचत होती. हणमंतनं मला बघितलं आणि चरक थांबवला. मी आत जाऊन शटर अर्धं खाली ओढलं आणि खूप वेळ पाना हातात धरून बसून राहिलो.

नुसतं ऐकू न येण्याची लाज असती तर मी ती पचवली असती. वय झालं, इंजिनांनी कान खाल्ले, होतं माणसाचं. पण ज्या ज्या माणसानं माझ्यासाठी आवाज चढवला त्याला मी चारचौघात झाडलं होतं, आणि त्या प्रत्येकानं ते गिळलं होतं. एकानंही उलट म्हटलं नाही, मिस्त्री, तुमच्यासाठीच ओरडतोय. मी माझी अब्रू सांभाळतोय असं समजत होतो, आणि ती सांभाळत होती ही सगळी माणसं, माझ्या शिव्या खाऊन. बायकोला तर मी गूळ धरलायस म्हटलं होतं. हे आठवलं की अजून जेवताना घास थांबतो.

पण तरीही मी कुणाला काही बोललो नाही. वर्षभर तेही जाणतात, मीही जाणतो, आणि कांडी भिंतीला. कुणी ऐकवायला आलं की मी कंबर धरली म्हणायचो.

आता पुन्हा पाणी उतरलंय. गाळ उघडा पडला, पक्षी आले. डॉक्टरांच्या नातवाचं लग्न होऊन गेलं आणि नातसून पहिलटकरीण म्हणून माहेरी, पलीकडच्या काठाला आहे. तिच्या डोहाळजेवणाला आक्काला जायचं आहे. बोटीनंच. नवे शेल पडलेत, क्रँक घासून आलाय. पण आक्का म्हणाली, रशीदनं ऐकल्याबिगर मी पाय ठेवणार न्हाय. मुमताज म्हणाली, मीबी येते. ती कधी येत नाही.

काठावर तीच माणसं होती. मेव्हण्यानं इंजिन चालू केलं, तापू दिलं, मग रेस दिली. सगळ्यांची तोंडं उजळली, त्यावरून मला कळलं की शिट्टी वाजतीय. मी कांडी उचलली आणि सगळे गप्प झाले. बाभळीखालून आक्कानं काठी उचलून विचारलं, मला ओठ दिसतील अशी मान वर करून, "ऐकलंस का रं?"

भारी, हा शब्द पुन्हा जिभेवर आला होता. तो मी गिळला.

"न्हाय आक्का," मी म्हणालो. आवाज किती मोठा निघाला कुणास ठाऊक, बगळे उडाले. "मला ऐकू येत न्हाय. ती शिट्टीबी येत न्हाय. मागच्या सालीबी आली नव्हती."

डॉक्टर जमिनीकडं बघायला लागले. मेव्हण्यानं रेस सोडली. माझं तोंड, मान, कान, सगळं भाजत होतं. बोटीत शिरून तळाशी लपावं असं झालं.

"मग दातानं बघ की," आक्का म्हणाली. "मागच्या साली बघितलंस तसं. मी वरनं खिडकीतनं बघत व्हते."

कुणीतरी फिस्सकन हसलं असावं, कारण मुमताजनं पदर तोंडाला लावला. मी कांडीची वाटी सगळ्यांच्या देखत दातात धरली. टोक तिसऱ्या सिलिंडरखाली टेकवलं. लाळ आली, येऊ दिली. आत कसलाच ठोका नव्हता. नुसती एकसारखी थरथर, मऊ, तेलावर तरंगणारी.

"बसा, आक्का," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तिला हाताला धरून बोटीत उतरवलं. तेच बूट होते, आता जरा मळलेले. बोट निघाली, काठ सोडून लांब गेली, आणि मेव्हण्यानं वेग वाढवला तशी इकडच्या सगळ्यांनी पुन्हा माना वर केल्या. मी मुमताजला विचारलं, "कशी हाय गं ती शिट्टी?"

ती माझ्या समोर येऊन उभी राहिली. "दूध वर यायच्या आधी पातेलं बारीक वाजतं बघा," ती म्हणाली. "तशी."

पातेलं वाजतं? मला आठवेना. समजलं की नाही याचीही मला खात्री नव्हती, कारण शेवटचा शब्द तिच्या ओठांवर नीट दिसला नाही. मी मान हलवणार होतो.

"परत सांग," मी म्हणालो.